यंदा मंडईले येऊ नका

त्या दिवशी त्या खोलीत आमी पाच जन होतो. एक मी. माह्या बाजूले माही मोठी जाऊ, तिनंच मले ओढत आनलं होतं. टेबलाच्या पल्याड साहेब, अर्धे केस पांढरे, बोलनं पुन्याकडचं. त्याईच्या बाजूले कागदावर लिहून घेनारी एक पोरगी. आन् दाराजवळच्या बाकड्यावर एक चाचा, बाजारातला टेलर, माह्यासारखाच कर्जानं दबलेला. नावं कोनाची सांगत नाई. त्यातले दोघं आता नाईत.

खोली ब्रह्मपुरीत होती, बँकेच्या मागच्या आंगाले. बाजाराच्या दिवशी तिथी हे साहेब बसत. पैसे देत नसत. ज्याचं कर्ज फिटत नाई त्याले, कसं फेडाचं ते समजावून सांगत. फुकटात. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट हाये, वर्स मले बरोबर आठवत नाई. नवरा जाऊन तिसरं वर्स चालू होतं, एवढं आठवते.

आमी ढिवर. नवरा तलावात जाळं टाके आन् मी डोक्यावर टोपलं घेऊन मासोळी विकाले ब्रह्मपुरीले जाय. त्या दिवशी पन टोपलं संग होतं. खोलीत वास येईल म्हनून मी ते बाहेर पायरीवर ठेवलं. चाचानं मान बाहेर काढून पाह्यलं.

"बाई, टोपली अंदर ले लो. बाहर रखी तो बिल्ली अपना कर्जा पह्यले वसूल करेगी."

लिहनारी पोरगी तोंडावर पदर घेऊन हासली. मी टोपलं आत आनलं. साहेबानं नाक नाई मुरडलं. तिथूनच मले वाटलं, या मानसाले खरं सांगाले हरकत नाई.

कर्ज एका दिवसात नाई झालं. नवऱ्याच्या छातीत पानी झालं. आधी ब्रह्मपुरी, मंग नागपूर, मंग पुन्हा ब्रह्मपुरी. आठ महिने गेले, आन् तो बी गेला. बचत गटाचं घेतलं होतं. ते फेडाले हप्तेवाल्या कंपनीचं घेतलं. तिची बाई दर आठवड्याले येऊन आंगनात बसे. तिचा हप्ता भराले किरान्याच्या दुकानात उधारी वाढवली. वडशाच्या दुकानातून जाळ्याचा धागा आनला होता, त्याचे पैसे तसेच राह्यले. पोरगा आन् सून मिरची तोडाले तेलंगनाकडं जात. आधी हिवाळ्यापुरते जात, मंग तिकडंच राह्यले. घरात मी एकटी. जाऊचं घर भिताडाले भिताड लागून, पन रात्री दार लावलं का आपलं घर आपलंच असते.

हप्तेवाली बाई दारात बसे त्याचं मले काही वाटत नव्हतं. बसली तर बसली. मी तिले पानी दे. मले भेव एकाच गोष्टीचं होतं, का हे माह्या पोरीच्या सासरी कळू नये. पोरगी एकच. वैनगंगेच्या पल्याड, वडशाच्या पुढच्या गावात देलेली. घर मोठं, जावा-जावांचं. तिचा सासरा, म्हंजे माहा ईवाई, गावातला मानाचा मानूस. त्या घरात एखाद्या सुनेच्या माहेराचं काही उनं निघालं, का भाकरी टाकता टाकता तिले ऐकाव लागे. मोठ्या सुनेचा बाप दारू पेत होता, तिले काय काय ऐकाव लागलं ते पोरीनंच मले सांगतलं होतं. माह्या पोरीले "भिकाऱ्याची पोरगी" कोनी म्हनू नये, एवढंच माह्यं होतं.

साहेबानं इचारलं, "मावशी, वाचता येतं?"

"दुसरीपर्यंत गेली होती. सही येते. बाकी जोडून जोडून."

मंग त्याईनं कागदावर चित्रं काढली. बचत गटासाठी पाच बाया, आडव्या रेघेवर बसलेल्या. किरान्यासाठी तराजू. धाग्याच्या दुकानासाठी जाळं. त्याईले जाळं काढता नाई आलं, ते चाळनीसारखं दिसे. हप्त्याच्या कंपनीसाठी घड्याळ. म्हनले, "हे घड्याळ आधी बंद करायचं. याचं व्याज सगळ्यात जास्त." मले पटलं. एवढ्या वर्सात सगळं कर्ज माह्या डोक्यात एकच ढीग होता. कागदावर पाह्यलं तं ते चार तुकडे होते. चार तुकडे पाह्यले का मानूस थोडा श्वास घेते.

"आता सांगा, वर्षातून खर्च सगळ्यात जास्त कधी होतो?"

माह्या आधी जाऊच बोलली. "मंडईत."

साहेब म्हनले, "मंडईत? इतकी भाजी घेता?"

जाऊ अशी हासली का तिची सुपारी खाली पडली. चाचा बी हासले. "साहब पुने के हैं ना. वहां मंडई में भाजी मिलती."

मंग जाऊनंच त्याईले सांगतलं. दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळने येतात, नाच-गान्याची दंडार होते, नाटक होते. ज्या गावची मंडई त्या गावात सारे सोयरे येतात. लेकी येतात, जावई येतात, त्याईचे मायबाप येतात, त्याईच्या संगचे येतात. दोन दिवस राहतात. कोंबडं कापा, मटन आना, वडे तळा. जाताना लेकीले लुगडं, तिच्या पोराईले कपडे.

"किती माणसं येतात तुमच्याकडे?" साहेबानं मले इचारलं.

"पंधरा. कधी अठरा."

"आणि पती वारल्यावरही?"

"हो. नाई तं लोक म्हनतीन, तो गेला आन् घराचं दार लागलं."

साहेबानं पेन खाली ठेवला.  मंग हळूच म्हनले, "मावशी, तुम्ही वर्षभर मासळी विकून जे फेडता, ते मंडईच्या दोन दिवसांत परत अंगावर घेता. दोन वर्षं पाहुणे थांबवा. फक्त दोन मंडया. बाकीचं मी जुळवून देतो, बँकेशी बोलतो."

जाऊ चिडली. "थांबवा म्हंजे? मंडईले कोनी बलावत नाई साहेब. लोक आपले येतात. जे बलावलंच नाई ते थांबवाचं कसं?"

"निरोप पाठवा. सांगा, यंदा येऊ नका."

त्या खोलीत तेव्हा कोनी काही बोललं असतं तं बरं झालं असतं. साहेबाले ठाऊक नव्हतं, त्याईचा दोष नाई. पन जाऊले ठाऊक होतं, मले ठाऊक होतं. आमच्याकडं सनाच्या तोंडावर "येऊ नका" असा निरोप दोनच वेळी जाते. एक घरात कोनी मेलं, सुतक हाये तेव्हा. दुसरं, सोयरपन तोडाचं असलं तेव्हा. तिसरं कारन नसते.

चाचा बाकड्यावरून बोलले, "मैंने भी ईद पे घर बंद रखा पिछले साल. लेकिन मैं खुद गया. बह्यन के घर, साले के घर, सबके घर. बोला, भाई, इस बार हाथ खाली है. शरम आई. पर शरम आधे घंटे की थी."

मी ऐकलं. पन त्याईची बह्यन त्याईचीच होती. माही पोरगी दुसऱ्याच्या घरची होती. मी तिथी जाऊन "हात खाली हाये" म्हनली असती, तं माही शरम आर्ध्या घंट्याची, पोरीची जलमभराची. असं मले तेव्हा वाटलं.

साहेबाच्या सांगन्यापरमानं मी बाकी सारं केलं. घड्याळाचं कर्ज बँकेच्या कर्जानं बंद केलं. किरान्यातून नगदीच आनत जाय, तेल अर्ध्यावर आनलं. धाग्याच्या दुकानदारासमोर साहेबाची चिठ्ठी ठेवली, तो दर महिन्याले थोडं थोडं घ्याले तयार झाला. दिवाळी जवळ आली. जाऊ रोज इचारे, "जाऊन राह्यली का नाई तू? स्वतः जा, बापा. मी येतो संग."

"जातो म्हनलं ना."

गेली नाई. तेलाच्या पिप्यावर बसून इचार करता करता दिवस निंगून गेले. मंडईले चार दिवस राह्यले तेव्हा मी रस्त्यावर जाऊन उभी राह्यली. आमच्या गावावरून वडशाकडं सवारीची जीप जाय. डायवर वळखीचा, सारे निरोप तोच नेत जाय. मी त्याले म्हनली, "ईवाईले सांगजो, यंदा मंडईले येऊ नका म्हनावं."

त्यानं माह्याकडं पाह्यलं. "कोन गेलं, बाई?"

"कोनी नाई गेलं."

"मंग?"

"तू सांग एवढंच."

गाडी चालू होती, मानसं लटकून होती, तो गेला. तिकडं काय झालं ते मले मागून कळलं. त्यानं जीप त्याईच्या चौकात थांबवली आन् गाडीतूनच हाक मारली. ईवाई चौकात चार मानसाईत बसले होते. निरोप ऐकून त्याईनं हेच इचारलं, "कोन मेलं?" डायवर म्हने, "कोनी नाई मेलं म्हनते बाई." चार मानसं ईवाईच्या तोंडाकडं पाहू लागली. कोनी एक जन म्हनला, "मंग काय, दार लावलं म्हनाव." ईवाई उठून घरी गेले.

मंडईच्या दिवशी मी सकाळी आंगन सारवलं. चुलीवर माह्यापुरता भात ठेवला. जाऊच्या घरी तिचे भाऊ, भाच्या, सारे आले होते, भिताडाच्या पल्याडून लसनाचा वास येऊन राह्यला होता. जाऊनं दोनदा बलावलं. मी गेली नाई, आंग दुखून राह्यलं म्हनली. जुनं जाळं काढून वसरीत बसली आन् जिथी फाटलं होतं तिथी सांधू लागली. मंडईच्या दिवशी कोनी जाळं हातात घेत नाई. शेजारच्या पोराईनं पाह्यलं आन् पळाले.

आमच्या वसरीतून रस्ता दिसते. घंट्या घंट्याले जीप येऊन थांबे, मानसं उतरत. पाठीवर गठोडं, हाती लेकरू. प्रत्येक खेपेले मी जाळं खाली ठेवून पाहे. येऊ नका म्हनून मीच सांगतलं होतं, आन् वाट बी मीच पाह्यत होती. पाळन्याचा भोंगा वाजे, लाऊडस्पीकरवर बक्षिसाचे आकडे सांगत. दुपार झाली. तलावापल्याडच्या गावची एक म्हातारी मंडईले आली होती, ती आंगनात डोकावली. म्हने, "आवो, तुह्याकडं कोनी नाई आलं?"

"नाई."

"सुतक हाये का?"

"नाई."

ती मागं फिरून पाळन्याकडं गेली. ती गेली त्याच्यानंतर मी दार आतून लावून घेतलं.

पुढची मंडई तशीच गेली, निरोप पाठवाचं काम पडलं नाई. संक्रांतीले पोरगी येत जाय, ते बंद झालं. मी डायवरकडून निरोप देला, पोरीले दोन दिवस पाठवा म्हनून. तो परत आला तं माह्याकडं न पाह्यता बोलला, "बाबाजी म्हने, त्या घरी आमचं काही काम नाई."

मी तेव्हाच जाले पाह्यजे होतं. पन तोवर एक गोष्ट माह्या डोक्यात बसली होती. तिकडं लोक म्हनत, का तिची माय मोठी अकडू हाये, नवरा मेल्यावर सोयऱ्याले वळखत नाई. अकडू म्हनतात तं म्हनू दे. अकडूची पोरगी म्हनवून घेनं भिकाऱ्याची पोरगी म्हनवून घेन्यापेक्षा बरं. असं मी मनाले समजावे. सांगाले कोनी दुसरं नव्हतंच. पोराचा फोन गावातल्या एसटीडीवर कधी येई. तो इचारे, "ताई आली होती का?" मी म्हनो, "आली होती, गेली."

पोरीले दुसरं लेकरू झालं तेव्हा मले आठ दिवसानं कळलं. मासोळी घेनाऱ्या एका बाईकडून, बाजारात. ती वजन पाह्यता पाह्यता बोलली, "तुमच्या पोरीले पोरगी झाली म्हने." मी तिले मासोळी देली, पैसे घ्याचे राह्यले. तिनंच परत बलावून देले.

साहेबाकडं मी दर दोन महिन्याले जाय. ते चित्राचा कागद जपून ठेवत. एकेक चित्रावर काट मारत गेले. आधी घड्याळ, मंग तराजू. चाचा बी कधी भेटत. त्याईचं माह्या आधी फिटलं. लाडू आनले होते, साहेबाले एक, लिहनाऱ्या पोरीले एक, मले दोन.

"बाई, वो बेटी का मामला? गई के नहीं?"

"नाई."

त्याईनं नुसती मान हालवली.

चौथ्या वर्सी शेवटचं चित्र काटलं. साहेब उठून उभे राह्यले, मले हात जोडले. "मावशी, फिटलं सगळं. एवढ्या शिस्तीनं इथं कोणीच फेडलं नाही. कसं वाटतंय?"

"हलकं वाटते," मी म्हनली. खोटं नव्हतं ते. पन हलकं म्हंजे कसं, पूर आला का घरातलं सारं वाहून जाते आन् घर रिकामं होते, तसं हलकं.

त्या दिवशी टोपलं जाऊजवळ देलं आन् वडशाच्या जीपमधी बसली. आता सांगाले काही अडचन नव्हती. कर्ज होतं, आता नाई. भिकारी कोनी म्हनू शकत नव्हतं.

ईवाई आंगनात खाटेवर पडले होते. लई वाळले होते. मले पाहून उठून बसले, पन बस नाई म्हनले.

"कसं काय? वाट चुकली का?"

"नाई. सांगाले आली."

"चार वर्सानं?"

"हो."

मी उभ्या उभ्याच सांगतलं. नवऱ्याचा दवाखाना, हप्तेवाली बाई, साहेब, कागदावरची चित्रं, सारं. पोरगी दाराआड उभी होती. मी बोलून राह्यली आन् ती तिथून हालली नाई. ईवाई तोंड खाली घालून ऐकत होते. माह्यं झाल्यावर म्हनले, "ईहीनबाई, आमी काय तुह्या मटनासाठी येत होतो?"

त्याईनं वर छपराकडं बोट दाखवलं.

"माह्या घरावर काय सोन्याचे कवेलू हायेत? माह्यं बी नाव दुकानाच्या वहीत हाये. तू भाजी-भाकर वाढली असती, आमी खाल्ली असती. चार मानसाईत निरोप आला. मी म्हातारा मानूस. त्या दिवसापासून मी त्या चौकात बसलो नाई."

"माह्यं चुकलं," मी म्हनली.

"चुकलं," ते म्हनले. मंग पोरीले हाक मारली, "मायले पानी दे."

पोरगी पानी घेऊन आली. तिच्या मागं दोन लेकरं. मोठ्यानं तिले इचारलं, "ही कोन डोकरी?" पोरगी म्हनली, "तुही आजी होय." तो म्हनला, "आजी तं ती होय ना, मंडईवाली." मंग कळलं. या चार वर्सात पोरगी मंडईले आपल्या मोठ्या जावेच्या माहेरी जात होती, त्याच दारू पेनाऱ्या बापाच्या घरी. त्याची मंडई आन् आमची मंडई एकाच दिवशी येते. मोठ्या जावेच्या मायनं माह्या नातवाले पाळन्यात बसवलं होतं, पिपानी घेऊन देली होती. तो तिलेच आजी म्हनत होता. लेकराचा काय दोष.

जेवून जा म्हनले, मी जेवली. वांग्याची भाजी होती. पोरीनं वाढलं. तिच्या डोळ्यातून पानी येत होतं.  संध्याकाळच्या जीपनं परत आली.

त्या सालच्या मंडईले पोरगी आली. एकटी. सकाळच्या जीपनं आली, संध्याकाळच्या जीपनं गेली. लेकरं तिकडच्या मंडईले गेले होते. तेव्हापासून असंच हाये. येते, दोन घास खाते, जाते. ईवाई पुन्हा कधी माह्या आंगनात आले नाईत, दुसऱ्या वर्सी गेले. मी मातीले गेली होती. जाऊ बी गेली आता. पोरगा तिकडंच हाये. मी खाऊन पिऊन बरी हावो. कोनाचं एक पैसा देनं नाई.

वाचनाऱ्याले माह्यं एकच मागनं हाये. कर्जात पडलात तं लपवू नका, अशा सल्ला देनाऱ्याकडं जा, ते सांगतीन तसं करा. साहेब बरोबर सांगत होते, खर्च कमीच कराव लागते. पन सोयऱ्याले "येऊ नका" सांगाचं असलं तं दुसऱ्याच्या तोंडून सांगू नका. स्वतः त्याईच्या दारी जा, बसा, आन् कारन सांगा. आन् तुमाले कोनाकडून असा निरोप आला, तं रागानं घरी बसू नका. एकदा जाऊन त्या मानसाले पाहून या.